मानेमागची फुलं

मंगळवार, संध्याकाळ

अजून राग उतरला नाही माहा. राजापेठच्या आमच्या फुलांच्या दुकानात आज देवीच्या हाराची ऑर्डर होती. पुढचा भाग मी ओवला, मानेमागचा नवऱ्याकडे देल्ला. हार उचलून पाहते, तर मानेमागं काल उरलेला झेंडू! काळा पडलेला, हाताले चिकटणारा.

"हे काय केलं तुमी?"

म्हणे, "मानेमागं कोण पाहते?"

कोण पाहते! देवानं आपल्याले दुसरं काय काम देल्लं? फुलं नीट ओवा, एवढंच ना? तेही अर्ध्या मनानं? गिऱ्हाइकासमोरच दोरा कापला अन् तेवढा भाग ताज्या फुलांनी पुन्हा ओवून देल्ला. गिऱ्हाइकानं हात जोडून हार घेतला. हेच ओरडले, "माही इज्जत घालवली!" सडका झेंडू ओवताना कुठं होती इज्जत?

मीच जास्त करून राहिली का? नाही. देवीच्या मानेले तर तोच भाग टेकते.

आता जेवून टीव्हीसमोर बसले आहेत. तो काळा झेंडू मी फेकला नाही. त्यांच्या उद्याच्या इस्तरीच्या शर्टाले, कॉलरीच्या आतून, हाराच्याच सुईनं पक्का टाचला. घालून फिरा म्हणा दिवसभर. मानेमागं कोण पाहते?