कंदिलाच्या पेटीवरचे कागद

गुरुजी, तुम्ही दिलेला चहाचा डबा अजून माझ्याकडं आहे. तुम्हाला जाऊन चार वर्षं होऊन गेली. मी इथं लांब भिलाईत वाळूचा ट्रक चालवतो, एका खोलीत आम्ही सहाजण राहतो, आणि त्या डब्यात माझं दाढीचं सामान असतं. झाकणाची फट तुम्ही पेन्सिली तासायच्या चाकूनं पाडली होती. बाजूला निळ्या शाईनं कंदील काढलेला, तो आता पुसट झालाय. सोबतचे विचारतात, हे काय? मी म्हणतो, आमच्या मास्तरांची निशाणी. एवढ्यावर भागतं.

आहुप्याच्या शाळेत तुम्ही मला तिसरीपर्यंत कसंबसं आणलंत. मी सारखा पळायचो. तुम्ही म्हणायचात, “राव, तुमच्या पायाला भिंगरी हाय. निदान सही शिकंस्तवर तरी बसा.” सही शिकलो आणि सुटलो. मग पहिल्या निवडणुकीला तुम्ही उभे राहिलात. त्यासाठी मास्तरकीचा राजीनामा द्यावा लागला, आणि हरलात तर ती नोकरी परत मिळणार नाही, हे घोडेगावच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. पक्ष नाही, मोटार नाही. एक सायकल, आणि चढ लागला की तीच तुमच्या खांद्यावर. सभेत आधी हजेरी घ्यायचात, एकेका वाडीचं नाव घेऊन, आणि मिशीवाले बाप्ये “हजर” म्हणून खदखदा हसायचे. एकदा मामलेदार मधेच बोलायला लागला तर तुम्ही म्हणालात, “आधी हात वर करा.”

मतदानाच्या आठवडाभर आधी आपण आळेफाट्याला होतो. हॉटेलच्या बाकावर बसून तुम्ही डबा कापलात आणि मला समजावलंत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. आपल्या पेटीवर कंदिलाचं चित्र. हातात मिळालेला कागद फटीतून आत ढकलायचा. “मी जुन्नरकडचं बघतो. तू डोंगरात जा, घरोघर डबा ने, प्रत्येकाकडनं एकदा टाकून घे. आहुपं तुझ्यावर सोडलं बघ.” मी हो म्हणालो. तुमची सायकल ओतूरच्या रस्त्याला लागली. तासाभरानं एक ट्रक थांबला, नाशिककडं चाललेला, त्याला क्लीनर पाहिजे होता. मी चढलो. डबा काखेतच होता.

शिमग्याला घरी आलो तेव्हा तुम्ही हरला होता, अगदी थोडक्यानं. चुलता चुलीपुढं बसून सांगत होता. आमची माणसं डोंगर उतरून मतदानाच्या गावी गेली. पडद्याआड कंदिलाची पेटी दिसली. देवराईत देवाच्या दगडावर जसं आम्ही फूल ठेवतो, तसा एकेकानं आपला कागद पेटीवर ठेवला आणि हात जोडले. “वारं व्हतं, म्हून म्या वर खडा ठिवला,” चुलता म्हणाला. “आत कशाला काय कोंबायचं? पेटी काय आपली हाय?” वरचे कागद मतांत धरले नाहीत. ते आत पडले असते तर तुम्ही निवडून आला असता.

त्याच दुपारी तुम्ही आलात. मला बघून म्हणालात, “दाखवलं व्हतंस ना रे डब्यावर?”

“व्हय गुरुजी. दोन-दोनदा.”

चुलत्यानं लाकूड आत सारलं. घरातलं पोर पावण्यापुढं उघडं पाडणारा माणूस नव्हता तो.

“मग माझंच शिकवणं कच्चं,” तुम्ही म्हणालात आणि नाचणीची भाकरी मोडलीत. “आता म्हाताऱ्यांचा वर्ग घ्यायला पायजे.”

तो वर्ग तुम्ही खरंच घेतलात, असं पुढं कळलं. लोकल बोर्डावर निवडून आलात, तळेघरच्या शाळेवर कौलं घातलीत, बैठकीला भिजल्या धोतरानं जायचात. दुसऱ्या निवडणुकीत तुम्ही आमदार नक्की झाला असता, असं सगळे म्हणतात. तिच्याआधीच तुम्ही न्यूमोनियानं गेलात. मी तेव्हा कुठंतरी इंदूरच्या रस्त्यावर होतो.

मी डोंगरात गेलोच नव्हतो, गुरुजी. हे चुलत्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. आता हे मोडकंतोडकं लिहिलेला हा कागद कुठं टाकायचा? डब्यातलं सामान बाहेर काढलं, कागदाची घडी केली आणि फटीतून आत घालून बघितली. दोनदा अडकली. एवढ्या वर्षांत मीसुद्धा त्यात कधी कागद टाकून बघितला नव्हता.