तीन मिनिटांचा खारा बांगडा

४ जानेवारी.
हे माझं मला. कुणी वाचायचं नाही. नम्रताने शिकवलंय: बटण दाबायचं, बोलायचं, मोबाईल लिहितो. त्याला मालवणी कळत नाही, म्हणून बँकेत बोलते तसं बोलते.

नम्रता माझी नात, कुडाळला कॉलेजात. विद्यापीठाची व्हिडिओ स्पर्धा आहे. विषय, घरातलं जुनं ज्ञान. वेळ तीन मिनिटं. जिंकली तर पुण्याचा फिल्म कोर्स फुकट. हरली तर तिचा बाप तिला शिरोड्याच्या रिसॉर्टवर काऊंटरला बसवणार. हरायचा प्रश्नच नाही. व्हिडिओत माझे खारे बांगडे आहेत.

६ जानेवारी.
शेजारीण पद्मावती. तिचा नातू सर्वेश त्याच स्पर्धेत. त्याचेही खारे बांगडे! म्हणजे हिचे! चाळीस वर्षं बाजारात माझ्या बाजूला बसून गिऱ्हाइकं ओढली, आता स्पर्धा ओढायला निघाली. कुंपणावरून विचारते, गो सत्यवती, तोंडाक पावडर लावतलंस मां? म्हटलं, तू तुझ्या बांगड्यांक लाव, वास तरी लपात.

मोबाईलने हे बरोबर लिहिलं असेल तर देव पावला.

७ जानेवारी, सकाळी.
विचार केला. व्हिडिओत खरी पद्धत सांगितली तर पद्मावती बघणार आणि उचलणार. माझं गुपित, सासूने मला एकटीला दिलेलं! तेव्हा कॅमेऱ्यासमोर खोटं सांगायचं. पंचवीस बांगड्यांना एक मूठ मीठ. दगडाखाली एकच दिवस. आमसुलांचं नावही काढायचं नाही. शेवटी माझ्या बरणीतले चांगले दाखवायचे. परीक्षकांनी बांगडा ताटातच बघितलेला, त्यांना काय कळतंय.
नम्रतालाही सांगायचं नाही. पोरगी खरं बोलते. बापावर गेली.

९ जानेवारी.
शूटिंग. उत्तम झालं. मूठभर मीठ टाकताना नम्रताने विचारलं, एवढंच? म्हटलं, हात अनुभवी असला की पुरतं. हे वाक्य तिने ठेवलं.
पद्मावती दोनदा कपडे वाळत घालायला आली. तेच कपडे.

१९ जानेवारी.
नम्रता शेवटच्या पाचात! सर्वेशही. परीक्षक आंधळे असावेत.

२१ जानेवारी.
नवीन भानगड. शेवटच्या फेरीला व्हिडिओतला पदार्थ करून न्यायचा. चव बघणार. मी बरणी पुढे केली. नम्रता म्हणाली, नको आजी, तू सांगितलंस तसेच मी माझ्या हाताने करणार.
एवढा प्रामाणिकपणा घरात कुणी आणला?

२३ जानेवारी.
तिने बांगडे आणले. एक मूठ मीठ. खरं माप सांगायला मागच्या दारी गेले. तोंड उघडलं, तर पद्मावती कुंपणाशी, शेवग्याच्या शेंगा मोजत. शेंगा सहा. मोजायला अर्धा तास. नाही सांगितलं. उद्या सांगेन.

२४ जानेवारी.
पद्मावती कुंपणाशीच. थंडी आहे. थंडीत मासा टिकतो. कमी मीठही चालेल कदाचित.

२७ जानेवारी.
फेरी झाली. नम्रताने डबा उघडला. पहिल्या रांगेतल्या सरांनी खिडकी उघडली. परीक्षक बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, पद्धतच चुकीची आहे. सर्वेश पहिला.
एसीत बांगडा बिघडतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं. विद्यापीठ म्हणे.
नम्रता आली ती माझ्याकडे न बघता अंघोळीला गेली. तीनदा साबण लावला.

२९ जानेवारी.
ती बोलत नाही. मीही बोलत नाही. बघू कोण जिंकतं.

१ फेब्रुवारी.
मीच बोलले. दार लावून तिला जवळ बसवलं आणि खरं गुपित सांगितलं. चार मुठी मीठ, तीन दिवस दगडाखाली, थराथरात आमसुलं. म्हटलं, पुढच्या वर्षी हे वापर, पद्मावतीचं नाक कापू.
 नम्रता म्हणाली, आजी, ह्या सगळा पद्मावतीआजीच्या व्हिडिओत होता. तुझ्या सासूनच शिकवल्यान तिका. सगळ्या वाडीक शिकवल्यान.
मग म्हणाली, माका कित्याक नाय सांगलंस?
मी कुंपणाकडे बोट दाखवलं. 
ती उठून बॅग भरायला गेली. सोमवारपासून शिरोडा.
मी भिंतीवरचा सासूचा फोटो उलटा करून ठेवला. चूक कुणाची ते ठरलं.