हवालदाराची गस्त

यवतमाळ,
रविवार, दुपार

प्रिय केतकी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. माझी साखर, रक्तदाब आणि गुडघे सगळं जिथल्या तिथे आहे. फोनवर आपण दोघी फार लवकर 'चल, ठेवते' वर येतो, म्हणून या वेळी शाईचं पेन काढलं. शाळेत सिस्टर अगाथा दर शुक्रवारी आमच्याकडून घरी एक पत्र लिहून घेत, घर कॉन्व्हेंटच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर असलं तरी. समोरच्याला लगेच उत्तर द्यावं लागत नाही, हा पत्राचा मोठा उपयोग, असं त्या सांगत. तू मार्चमध्ये कळवलेल्या नव्या पत्त्यावरच हे टाकते आहे. तिथून ऑफिस जवळ पडतं म्हणालीस, ते बरं झालं.

प्राणिसंग्रहालय अखेर सुरू झालं. फार मोठं काही नाही. बाभुळगावच्या रस्त्याला टेकडीमागची जमीन, सागाची आणि मोहाची जुनी झाडं, चितळं, एक बिबट्या, साळिंदरं, थोडे पक्षी आणि आपला हवालदार. मला समितीत घेतलं ते फलकांचा मजकूर लिहायला. जीवशास्त्राची निवृत्त बाई, त्यात कॉन्व्हेंटची, म्हणजे मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकाच माणसात भागेल, असा त्यांचा विचार. अध्यक्ष आहेत देवराव, ते जिनिंगवाले. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला विचारलं, "मॅडम, एखादा जिराफ बसते काय?" जिराफ बसत नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले. मग कुणीतरी नीलगाय ठेवायचं सुचवलं. त्यावर देवरावच उसळले. "रोही पाहाले तिकीट? माया वावरात या म्हना त्याइले. रोज कळप येते. फुकट दाखवतो, वरतून चहा पाजतो!" सगळी बैठक हसली आणि रोही यादीतून गेली. इथल्या माणसाला काय दाखवायचं हा प्रश्न सोपा नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

हवालदार तुला आठवत असेल. तू तिसरीत होतीस तेव्हा पांढरकवड्याकडे एका शेतातल्या कोरड्या विहिरीत अस्वलाचं पिल्लू सापडलं होतं. त्याची आई काही मिळाली नाही, म्हणून जुन्या बागेतल्या पिंजऱ्यात त्याची सोय झाली. मोठं झाल्यावर ते समोरच्या गजांलगत चालायला लागलं. या टोकाला गेलं की मान एकदा झटकून वळायचं, त्या टोकाला गेलं की तशीच मान झटकून परत यायचं. दिवसभर. "हवालदार ड्युटीवर हाये बे!" असं ओरडत पोरं शेंगदाणे फेकायची आणि तेच त्याचं नाव पडलं. तू मात्र शेंगदाण्यांची पुडी हातात तशीच धरून उभी राहिलीस आणि विचारलंस, आई, तो जातोय कुठे? बाबांनी तुला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि विषय तिथेच संपला. त्या निळ्या फ्रॉकवर पडलेला आइस्क्रीमचा डाग नंतर कधी निघाला नाही. फ्रॉक अजून कपाटात आहे.

समितीत बसायला लागले तेव्हा मला खरं तर एवढंच हवं होतं, की नव्या जागेत गेल्यावर हवालदाराचं ते चालणं थांबावं. तो चालतो म्हणजे खुशीत आहे, असं गावाला वाटतं. संग्रहालयातल्या जनावरांकडे बघणारे डॉक्टर घनश्याम तसं मानत नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं की जंगलातलं अस्वल वाळवी, मध, बोरं हुंगत रात्रभर हिंडतं. पिंजऱ्यात शोधायला काही नाही, पण पाय तर आहेत. मग ते पाय असे चालत राहतात. एकदा लागलेली ही खोड जागा बदलून जाईलच असं नाही, हेही ते म्हणाले होते. मी तेव्हा ते फारसं मनावर घेतलं नाही.

नागपूरहून आलेल्या पहिल्या नकाशात बिबट्या पश्चिमेला होता आणि चितळं त्याला लागूनच पूर्वेला. आपल्याकडचा वारा बरेच महिने पश्चिमेकडून येतो. दिवसभर बिबट्याचा वास नाकात घेऊन चितळं चरणार कशी? ती जागा बदलून घेतली. हवालदाराच्या जागेवर मात्र बराच खल झाला. गज नकोत हे सगळ्यांना पटलं. समोर कोरडा खंदक, आत मोहाची दोन झाडं, दगडांची कपार, डुंबायला हौद आणि मागे रात्रीची खोली. त्या खोलीच्या दारापाशी घोडं अडलं. डॉक्टरांचं आणि माझं म्हणणं होतं की ते दार दिवसाही उघडं असावं. त्याला लोकांपुढे यायचं असेल तर येईल, नसेल तर आत बसेल. देवराव खुर्चीतून उठलेच. "म्हंजे लोकायनं तिकीट काढाचं अन् दगड पाहून घरी जाचं? काहून वो मॅडम? तो चालते म्हनूनच त लोक येते त्याले पाहाले!" त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. उन्हातान्हात एसटीनं लेकरं घेऊन आलेल्या बाईला अस्वल आत झोपलंय हे सांगायचं कुणी? शेवटी दार दिवसा बंदच ठेवायचं ठरलं. त्या संध्याकाळी मी मुगवड्या घालायला घेतल्या, राग आला की मला तेच सुचतं. त्याच वड्या श्रेयसला आवडतात म्हणून संक्रांतीला कुरिअर केल्या होत्या. मिळाल्या का, ते तू बोलली नाहीस. जुन्या पत्त्यावर गेल्या असतील.

जानेवारीत हवालदाराला हलवलं. त्याच्या कण्या शिजवणाऱ्या तानाबाईनं मोहाखाली गुळाचा खडा ठेवला होता. तो बाहेर आला, खडा खाल्ला, खोड हुंगलं, हौदात एक पाय घालून पाहिला. आम्ही सगळे खंदकाच्या अलीकडे लग्नातल्यासारखे नटून उभे होतो. मग मैदानाच्या मधोमध जाऊन त्यानं चालायला सुरुवात केली. जुना पिंजरा जेवढा लांब होता तेवढंच. जिथे गज असायचे तिथे मोकळ्या हवेत थबकला, मान झटकली आणि वळला. पुढे सगळं रान रिकामं पडलेलं. शेवटी तानाबाईच म्हणाली, "अरे बाप्पा, याले कोनी सांगा ना, बदली झाली म्हनून!" हसू आलं, पण घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. पुढच्या काही दिवसांत गवतात त्याच्या पायांची पांढरी वाट पडली, पट्टीनं आखावी तशी सरळ.

डॉक्टरांनी मला सांगितलं, बाई, तुम्हाला वेळ आहे, तर नुसतं बसून बघा. मग मी रोज थर्मास घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसायला लागले. सिस्टर अगाथा आम्हाला सशाच्या खुराड्यापुढे पूर्ण तास बसवायच्या. सशाला काय वाटतं ते मला नको, तो काय करतो ते सांगा, म्हणायच्या. शिरीषाच्या फुलांचा आणि वॅक्सपॉलिशचा वास, पांढरे मोजे, आणि कान हलवण्यापलीकडे काहीही न करणारा ससा. मुली कंटाळून एकमेकींच्या वेण्या बांधायच्या. मला ते आवडायचं. इथे बसल्यावर लक्षात आलं की हवालदार सगळ्यात जास्त चालतो ते खाणं यायच्या आधी, आणि कठड्याशी गर्दी ओरडायला लागली की. खाणं एकाच वेळी, एकाच दारातून, एकाच टोपल्यात यायचं. वाट पाहण्यापलीकडे त्याला दिवसभर दुसरं काम नव्हतं, आणि गर्दीपासून बाजूला व्हायला जागा नव्हती.

एक दिवस देवराव दुसरी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. चहा घेतला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, हे पाहून पाहून मायं डोकं दुखून राह्यलं. उघडा ते दार. महिनाभर. लोकायनं बोंब मारली त मी तुमच्याकडंच पाठवीन." आणि माणसं खरंच पाठवली. पहिले काही दिवस हवालदार आत जाऊन पडून राहिला. "अस्वल कुठं हाये वो?" झोपलंय. "मंग उठवा ना!" एका बाईनं मला सरळ विचारलं, "तुमी कायले बसल्या मंग इथं, त्याच्या जागी?" मी तिला माझ्यातला चहा दिला.

पाडव्याला डॉक्टर घरी आले होते. बोलता बोलता त्यांनी श्रेयसचं विचारलं, जावई कसे आहेत म्हणून. टूरवर, म्हणाले मी. जानेवारीपासून मी सगळ्यांना हेच सांगते आहे, कारण तू मला हेच सांगतेस.

मोहाची फुलं पडायला लागली तशी गंमत झाली. हवालदार आपण होऊन पहाटे बाहेर यायला लागला. आम्ही सिमेंटचं एक वारूळ बांधून घेतलं आहे, त्याला आत वाकडीतिकडी भोकं आहेत. तानाबाई कधी सकाळी, कधी दुपारी त्यात मध नाही तर दही ओतते. वेळ ठरलेली नाही, भोकही ठरलेलं नाही. ते शोधून, तोंड लावून तो असा काही ओढतो की भरलेल्या हौदाचं बूच काढल्यासारखा आवाज होतो. कठड्यावरची माणसं तो आवाज ऐकायला गप्प उभी राहतात. देवराव आता पाहुण्यांना घेऊन येतात आणि "थांबा, थांबा, आवाज ऐका" असं जणू वारूळ स्वतः बांधल्यासारखं सांगतात. गवतातली ती वाट पुसट झाली आहे. पूर्ण गेलेली नाही. सुट्टीच्या दिवशी गर्दी वाढली की तो अजून चालायला लागतो, पण मधेच सोडून देतो आणि आत जातो, किंवा मोहाखाली उकरत बसतो. एवढ्यावर समाधान माना, असं डॉक्टर म्हणतात. तानाबाईच्या मते हवालदार अर्ध्या पेन्शनीत गेला आहे.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. गेल्या रविवारी तू मला फोनवर इथल्या उन्हाचं विचारत होतीस आणि मागे तुझ्या चपला वाजत होत्या. थोडं अंतर, मग थांबणं, वळणं, परत तेवढंच अंतर. खोली लहान असावी. त्याच्या आधीच्या रविवारीही तेच होतं, त्याच्याही आधी. मला ऐकू येत होतं, पण उमगलं ते या वेळी. इथे असताना तू दिवाणावर आडवी होऊन, पाय भिंतीला लावून फोनवर बोलायचीस. मी ओरडायचे, भिंत खराब होते म्हणून. केतकी, श्रेयस टूरवर नाही हे मला कळलं आहे. काय झालं, कसं झालं, ते मी विचारत नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं आहे, शनिवारी सकाळी पुण्यात पोचेन. देवरावांना कळवलं आहे. परत कधी येणार ते सांगितलेलं नाही. तुला आत्ता कुणीच जवळ नको असेल, तर 'नको' एवढाच मेसेज कर. मी तिकीट रद्द करीन, रागावणार नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा काढीन. पांघरूण, चादर माझी मी आणते. फक्त एवढं कळव, तुझ्याकडे कुकर आहे का, की तो त्या घरीच राहिला? राहिला असेल तर इथला मोठा घेऊन येते.

तुझीच,
आई