हृदय सोडून बाकी सगळं

बाबा, आज आम्ही हेल्थ इन्शुरन्स घेतला. तुमच्यासमोर हा शब्द काढायची सोय नव्हती. "ज्यांच्या घरात डॉक्टर नाही त्यांनी घ्यावा," असं म्हणून तुम्ही विषय मिटवायचात, आणि वर असा चेहरा करायचात की जन्मभर इंग्लंडच्या सरकारी एनएचएसमध्ये हाडं जोडणाऱ्या माणसाच्या मुलीने प्रायव्हेटच्या दारात उभं राहणं म्हणजे जणू काही चोरीच. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. म्हणजे आमच्याही घरात आता डॉक्टर नाही, हे डोक्यात शिरायला मला दहा वर्षं लागली. गेले काही आठवडे मी इतकी घाबरलेली आहे की भाजीत मीठ घातलं की नाही हे आठवत नाही, आणि जेवताना कोणी काही बोललं नाही की आणखी घाबरते. सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला पेशंटची हिस्टरी नेहमी सुरुवातीपासूनच लागायची, मध्येच उडी मारलेली चालायची नाही.

तुमच्या जावयाची नोकरी उन्हाळ्यात गेली, आणि नशिबाने लगेच दुसरी लागली, रीडिंग गावात. जुन्या ऑफिसचा प्लॅन सगळ्या घराला होता. कधी वापरायची वेळ आली नाही, त्यामुळे त्यात काय होतं हेही आम्हाला माहीत नव्हतं. नवं ऑफिस फक्त त्याचं बघतं. बायको आणि मुलगी घालायची तर पैसे आपण भरायचे आणि प्रश्नांची उत्तरंही आपणच द्यायची. एका शनिवारी आम्ही दोघं इथे, मिल्टन कीन्सच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो. एका प्लॅनमध्ये स्कॅन होते पण फिजिओ नव्हता, दुसऱ्यात फिजिओ होता पण हॉस्पिटलं मोजकीच. तो एक्सेल उघडून बसला. त्याचं तुम्हाला माहीत आहे, भेंडी आणायची झाली तरी एक्सेल. मी त्याला चिडवत होते. मग तो प्रश्न आला. घरातल्या कोणाला कधीही हृदयाचा काही त्रास झाला आहे का, किंवा कोणा डॉक्टरने त्याबद्दल काही सांगितलं आहे का. त्याने एक सेकंदही न थांबता 'नाही'वर क्लिक केलं, आणि मी त्याचं मनगट धरलं. मी म्हटलं, "थांब. बाबांनी ऐकलं होतं."

आदल्याच आठवड्यात तुमची नात शाळेत नेटबॉलच्या प्रॅक्टिसला चक्कर येऊन खाली बसली होती. चौदा वर्षांची आहे आता, तुमच्यासारखी उंच, आणि तुमच्यासारखीच सकाळी काही न खाता बाहेर पडते. शाळेतून फोन आला तेव्हा आम्ही म्हटलं, पोटात अन्न नाही, दुसरं काय होणार. घरी येऊन ती म्हणाली, "मम्मा, माझा डोकं नुसता गोल गोल फिरला," आणि आम्ही तिच्या मराठीलाच हसत बसलो. तो प्रश्न समोर येईपर्यंत मी त्या चकरेची आणि तुमची सांगड घातलीच नव्हती.

तुमचा रविवारचा दवाखाना आठवतो का? हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधल्या त्या अरुंद स्वयंपाकघरात, नाश्ता झाला की आम्ही सगळे एकेक करून तुमच्यासमोर. जीभ दाखव, पाठ वळव, श्वास घे. तुम्ही हाडांचे डॉक्टर, पण घरात कान, घसा, पोट, त्वचा, सगळ्याचे तुम्हीच. आईच्या ब्लड प्रेशरची गोळीसुद्धा तुम्ही ठरवायचात. गणपतीला मंडळाच्या हॉलमध्ये लोक प्रसादाची डिश एका हातात आणि एक्स-रे दुसऱ्या हातात घेऊन तुमच्याकडे यायचे, आणि तुम्ही खिडकीच्या उजेडात फिल्म धरून सांगायचात, तेही बरोबर सांगायचात. आमच्या जीपीला, म्हणजे एनएचएसने नेमून दिलेल्या फॅमिली डॉक्टरला, आमची तोंडंही ओळखीची नव्हती. कॉलेजात असताना डोकं दुखतं म्हणून मी एकदा एकटीच जीपीकडे गेले, तर तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत. नंतर एवढंच म्हणालात, "माझ्या घरातला पेशंट दुसऱ्याच्या दारात गेला की लोक काय समजतात, कळतं का तुला?" तुम्ही कन्सल्टंट, म्हणजे सगळ्यात वरच्या हुद्द्याचे डॉक्टर, होण्याची वाट बघत होतात तेव्हा, आणि ते कधी होणार नाही हे तुम्हाला बहुतेक कळून चुकलं होतं. मला तेव्हा फक्त तुमचा राग दिसला. त्यानंतर मी कधी एकटी गेले नाही.

आणि मग तो दिवस. तुम्ही रिटायर झालेले, आई ओट्यापाशी पुऱ्या तळते आहे, तुमची नात चार वर्षांची, खोकला झालाय म्हणून तुम्ही तिला टेबलावर उभी केली आहे. स्टेथोस्कोप छातीला लावता, काढता, पुन्हा लावता. तिला पुढे वाकायला सांगता. आईला म्हणता, जरा ते तळण थांबव. मला आठवतं, तुमचे डोळे मिटलेले होते. तुम्ही कधी डोळे मिटून तपासायचा नाहीत, तुम्हाला माणसाचा चेहरा बघायचा असायचा. मी विचारलं, "काय झालं, बाबा?" तुम्ही स्टेथोस्कोप गळ्यातून काढलात, तिला खाली उतरवलंत आणि म्हणालात, "काही नाही. बारीकसा आवाज आहे, मोठी झाली की जाईल. पुऱ्या होऊ द्या." आम्ही पुऱ्या खाल्ल्या. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात, तेही बागेत उभ्या उभ्या, कोणाला काही सांगायची उसंत न देता. तो बारीकसा आवाज काय होता हे माहीत असलेला एकुलता एक माणूस गेला.

तुमचा जावई वाईट माणूस नाही, बाबा. त्याने लॅपटॉप मिटला आणि शांतपणे मला समजावलं. "हे बघ, ऑफिशियली कोणी काही सांगितलेलं नाहीये. तिच्या रेकॉर्डमध्ये काही नाही. आज जीपीकडे गेलो तर सगळं लिहिलं जाईल, आणि मग हार्ट कव्हरच होणार नाही. आधी प्लॅन घेऊ, महिनाभराने जाऊ. प्रायव्हेटमध्ये स्कॅन पटकन होईल. एनएचएसची वेटिंग लिस्ट माहीत आहे ना तुला?" त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, हीच तर भीती. एकीकडे वाटे, महिनाभर थांबल्याने काय होणार आहे. दुसरीकडे ती जिन्यावरून धावत खाली आली की मी हातातलं काम टाकून जिन्याशी जायचे. मी तिच्या खोलीबाहेर धुतलेले कपडे घेऊन उगाच उभी राहायचे. शाळेतून मेसेज आला की चालू गॅस सोडून तो वाचायचे, आणि मेसेज असायचा स्कूल ट्रिपचा.

आईकडे गेले. ती आता आमच्यापासून दहा मिनिटांवर एका छोट्या फ्लॅटमध्ये राहते, साडीवर तुमचा तपकिरी कार्डिगन घालते. तिला विचारलं, त्या दिवशी नंतर बाबा तुला काही बोलले होते का? तिने चहाचं आधण बंद केलं. "ह्यांनी काही नाही म्हटलं ना? मग काही नाही." मी म्हटलं, "अगं, पण तिला चक्कर आली." तर म्हणते, "ह्यांचं कधी चुकलंय का?" आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मला पुढे विचारवेना. निघताना तुमचा स्टेथोस्कोप मागून घेतला. घरी येऊन लेकीच्या छातीला लावला, तर ती हसायला लागली, "मम्मा, तू डॉक्टर नाहीयेस." मी ऐकलं. खूप वेळ ऐकलं. नुसता आवाज. तो चांगला की वाईट हे कळायला तुम्ही हवे होतात. तेव्हा मला तुमची आठवण आली नाही, बाबा. तुमचा राग आला.

त्यानंतर चारच दिवसांनी ती जिन्यात बसली. पडली नाही, नुसती बसली, कठडा धरून, ओठ पांढरे पडलेले. "मी ओके आहे, मम्मा, फक्त एक मिनिट." त्या एका मिनिटात मी प्लॅन, महिना, वेटिंग लिस्ट, सगळं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जीपीच्या दवाखान्यात फोन लावून बसले, तुम्ही ज्या रांगेत आम्हाला कधी उभं राहू दिलं नाहीत त्या रांगेत. अपॉइंटमेंट मिळाली. आई म्हणाली, मी पण येते. नको म्हटलं, तरी आली.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, माझ्याहून बरीच लहान. तिने ऐकलं. पुढे वाकायला सांगितलं, उभं राहायला सांगितलं, पुन्हा ऐकलं, आणि बाबा, तिनेही डोळे मिटले. मग ती म्हणाली की एक आवाज आहे, अशा आवाजांतले पुष्कळसे निरुपद्रवी असतात, पण चक्कर येते म्हटल्यावर हृदयाचा स्कॅन करायलाच हवा. ईसीजी आत्ता इथेच काढू. तोपर्यंत खेळ बंद. मग तिने स्क्रीनकडे वळून सहज विचारलं, "याआधी कोणी हा आवाज ऐकला होता का?" मी हो म्हटलं. माझ्या वडिलांनी, ते डॉक्टर होते. "मग त्यांनी काय सल्ला दिला होता?"

आई मांडीवर पर्स धरून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी नीट कळतं. लेक तपासायच्या कोचावर शर्टाची बटणं लावत होती, ऐकत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "स्पेशालिस्टला दाखवून घ्या म्हणाले होते. मी दाखवलं नाही. राहून गेलं." डॉक्टरची बोटं कीबोर्डवर क्षणभर थांबली. ती रागावली नाही. तिने ते लिहून घेतलं.

गाडीत बसून निघालो. दोन राउंडअबाउटचे गोल चौक गेले असतील. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "आजोबांनी सांगितला होता, तर मग का नाही नेलंस मला?" मी आरशात बघितलं नाही. आई माझ्या शेजारी होती, ती काचेतून बाहेर बघत राहिली. तिला माहीत आहे ना, ती त्या दिवशी पुऱ्या तळत होती. तिच्या दाराशी तिला उतरवलं तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं केलंस." मला तेव्हा रडूही आलं नाही, इतकं विचित्र वाटलं.

तुमच्या जावयाला कळल्यावर तो डोकं धरून बसला. "अगं, पण बाबा तसं म्हणालेच नव्हते. तू हे रेकॉर्डवर का घातलंस?" मी लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्याने पुन्हा सगळ्या प्रश्नांची उत्तरं नीट, खरी भरली, आणि काल उत्तर आलं. आम्हा तिघांना कव्हर आहे. तिचे गुडघे, पाठ, पोट, घसा, सगळं कव्हर आहे. हृदय आणि त्यातून जे काही उद्भवेल ते नाही. त्याने मला विचारलं, घ्यायचा का? मी घे म्हटलं. आज दुपारी त्याने पैसे भरले आणि आम्ही दोघं हृदय सोडून बाकी सगळं वाचवल्याच्या समाधानात चहा प्यायलो. ईसीजीत काही ठळक निघालं नाही, म्हणजे तेवढ्यावरून काही कळत नाही. स्कॅनची तारीख अजून आलेली नाही. रोज पोस्टमन गेला की मी दाराशी जाते.

तुम्ही त्या दिवशी काय ऐकलंत, आणि ऐकूनही गप्प का बसलात? खरंच बारीकसा होता, की दुसऱ्या कोणाला विचारायला लागेल याची तुम्हाला लाज वाटली? की तुम्हीही घाबरलात? तसं असेल तर मला कळतं, बाबा. मीही महिनाभर थांबायला जवळजवळ तयार झालेच होते. पण कळलं म्हणून राग जात नाही.

हे पत्र कुठल्याही पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. ती माझ्याशी हल्ली कामापुरतंच बोलते. तुमचा फोटो मात्र तिने हॉलमधून आपल्या खोलीत नेला, आजोबांना कळलं होतं म्हणून. मी तुमच्यासाठी खोटं बोलले, आईच्या समोर, आणि त्यात मला मोठेपणा वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाही. तिने पुन्हा एकदा विचारलं, का नाही नेलंस मला, तर मी तुमचं नाव सांगेन, 'काही नाही' तुम्हीच म्हणाला होतात म्हणून.