पल्लूचं लॉक स्क्रीनवरचं कार्ड

५ जाने.
धाकटीच्या, पल्लूच्या फोनवर आरोग्याचं अ‍ॅप टाकून दिलं. रिपोर्ट, गोळ्या, रक्तगट, सगळं भरलं. फोन लॉक असला तरी इमर्जन्सीचं कार्ड कुणालाही उघडता येतं. त्यावर आजार: फिट येतात. खाली नंबर माझा. पल्लू म्हणाली, एवढं जगजाहीर कशाला? म्हटलं, रस्त्यात पडलीस तर जगानेच उचलायचंय ना तुला. फुगली. पण राहू दिलं.

१७ जाने.
उद्या बोरिवलीचे लोक पल्लूला बघायला येणार. विहारातल्या काकांनी आणलेलं स्थळ, मुलगा नितीन, ऑफिस मुलुंडला. आईचं फर्मान: कार्डावरचं ते काढ. फोन टीपॉयवर पडलेला असतो, कुणी सहज पाहिलं तर? भांडलो. आई रडली. कितीतरी दिवसांत झटका नाही, मग आजार कसला, हे तिचं म्हणणं. शेवटी काढलं. पल्लू समोरच बसली होती, चकार शब्द नाही. मला तिचाच जास्त राग आला.

१ मार्च
साखरपुडा झकास. नितीन चांगला आहे, हीच पंचाईत. आगाऊ असता तर लपवल्याचं एवढं टोचलं नसतं. पल्लूने कार्डावर माझ्याऐवजी त्याचा नंबर टाकला, लाजत दाखवला. आजाराची जागा रिकामीच. म्हटलं, सांग गं त्याला. म्हणाली, लग्नानंतर सांगेन. आईचंच वाक्य.

१२ मार्च
पल्लू मुलुंडच्या बाजारात पडली. खरेदीच्या गडबडीत गोळ्या चुकवल्या असणार. लोकांनी चप्पल हुंगवली, कांदा हुंगवला. एका बाईने कार्ड उघडून नंबर लावला. नितीनच धावत गेला, आम्हाला कळवून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी झालंय? हा म्हणाला, नाही, उन्हाने चक्कर आली असेल. कार्डही तेच सांगत होतं. तिथेच दुसरा झटका. मग मला पुन्हा त्याचा फोन.

"दादा, खरं सांगा, तिला आधीपासून काही आहे का?"

मी रिक्षात, शेजारी आई. मान हलवत होती, नको, नको.

"हो. शाळेत असल्यापासून फिट येतात." गोळीचं नाव सांगितलं. तेच नाव तो डॉक्टरांना सांगताना ऐकू आलं. फोन कट.

पोचलो तेव्हा पल्लू झोपली होती, धोका टळला होता. नितीन बाहेर बाकावर, मांडीवर तिची पर्स. आईच्या हातात दिली आणि निघून गेला. माझ्याकडे बघितलंही नाही. लाज वाटली, खूप.

१५ मार्च
पल्लू घरी. आई माझ्याशी बोलत नाही. बोरिवलीहून फोन नाही. आईने लग्नाच्या हॉलवाल्याला अजून काही कळवलेलं नाही, मीही विचारत नाही.

दुपारी पल्लूने स्वतः कार्ड उघडलं. आजार भरला, गोळी भरली. आई म्हणाली, आता त्या मुलाचा नंबर तरी काढ. खरं तर मीही तेच म्हणणार होतो.

"राहू दे," पल्लू म्हणाली. "तो आला होता ना."

मग कार्डाचा फोटो काढून त्याला पाठवला. सोबत एक शब्द नाही. त्याने लगेच बघितला. उत्तर नाही.

पल्लूने संध्याकाळची गोळी घेतली आणि फोन टीपॉयवर ठेवला. पालथा नाही, सुलटा.