जावयाच्या नावावरचं डुक्कर

बाबा,

तुमचे मोठे जावई गेले. पुसदला, त्यांच्या स्वतःच्या घरीच. दुपारचं जेवण करून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी उमरखेडहून पोचले तेव्हा अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती आणि गोष्ट कशाची चालली होती, तर त्या रानडुकराची. कोणी एक म्हातारा सांगत होता, "गुरुजींनी एका गोळीत पाडलं. अहो, सासऱ्याला बंदूक शिकवणारा जावई होता तो!" सासऱ्याला, म्हणजे तुम्हाला. मी तोंडाला पदर लावून बसले. बायांना वाटलं, मी रडतेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मला नातवंडं झाली, तरी तो जुना राग गेलेला नाही.

आपल्या ओट्यावर बंदुकीचा सल्ला घ्यायला कुठून कुठून माणसं यायची. पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळालेले शेतकरी, शेजारच्या बंजारा तांड्याचे नाईक, एकदा तर दिग्रसचा एक कापसाचा व्यापारी. आणि तुम्ही सांगायचात तरी काय? "जनावर दिसलं का हात आपोआप जाते." पळत्या डुकराच्या किती पुढं नेम धरायचा असं कोणी विचारलं की म्हणायचात, "जेवढं पाह्यजे तेवढं." माणसं मान डोलवत, चहा पिऊन जात, आणि त्यांच्या पदरात काहीच पडलेलं नसे. तुम्हाला सांगताच येत नव्हतं, बाबा. तुम्हाला फक्त येत होतं. ते मला कळायचं, कारण मी तुमच्या शेजारी उभी राहून तुमचा हात पाहिला होता. उन्हाळ्यात कोरड्या नाल्यात जुनं मडकं ठेवून तुम्ही माझ्या हाती दुनळी बंदूक दिलीत. पहिल्याच बाराला खांदा काळानिळा झाला. मायनं हळद गरम करून लावली आणि तुमच्यावर ओरडली, "पोरीले पोळ्या शिकवाच्या का डुकरं मारणं?" तुम्ही म्हणालात, "दोन्ही शिकन ते." त्या एका वाक्यावर मी पुढं किती वर्षं काढली, ते तुम्हाला ठाऊक नाही.

मग ताईचं लग्न झालं आणि भाऊजी घरात आले. पुसदच्या शाळेत मास्तर, चष्मा, बोलणं शुद्ध. जन्मात बंदूक उचललेली नव्हती, पण वाचनालयातली शिकारीवरची सगळी पुस्तकं वाचून बसलेले. पहिल्या दिवाळीला ओट्यावर बसून ते नाईकांना छर्रा किती लांब जातो, किती पसरतो हे सांगायला लागले, तेव्हा मी दाराआड हसू दाबत होते. वाटलं, आता तुम्ही एका शब्दात यांना गप्प कराल. तुम्ही मात्र सुपारी कातरणं थांबवून ऐकत राहिलात.

त्या सालात तुमचा नेम चुकायला लागला होता. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. मी एकदा म्हटलं होतं, "बाबा, तुम्ही घाई करून राह्यले," तर तुम्ही "तुले काय समजते" म्हणून बंदूक भिंतीला टेकवून निघून गेलात. भाऊजींनी तोच विषय दुसऱ्या तऱ्हेनं काढला. म्हणाले, "मामा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या चिंचेच्या बुंध्याकडे बोट दाखवा. आता डावा डोळा मिटा." तुमचं बोट बुंध्यावरून सरकून पार गोठ्याकडे गेल्यासारखं तुम्हाला दिसलं. तुम्ही पुन्हा केलंत, पुन्हा तेच. "तुमचा उजवा डोळा आता नेम धरत नाही, डावा धरतो. बंदूक डाव्या खांद्याला लावून पाहा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी नाल्यात तुम्ही डाव्या खांद्यावरून मडकं फोडलंत आणि म्हणालात, "वा, जवाईबापू!"

वा. मी किती मडकी फोडली होती, बाबा! मला कधी "हं" च्या पुढं काही मिळालं नव्हतं.

त्यांचा राग करावा तर माणूस असा की राग धरून ठेवता येऊ नये. एके सकाळी मी विहिरीवरून येत होते, तर मला थांबवून म्हणाले, "तू चालवतेस म्हणे? मग तुला सांगतो. पळत्या जनावराच्या पुढं नळी नेत राहायची, आणि चाप ओढल्यावरही हात थांबवायचा नाही. बहुतेकांचा हात तिथंच थांबतो." मी म्हटलं, "तुम्ही मारलं का कधी?" ते हसले. "नाही. म्हणून तर तुला सांगतोय." मी तोंड फिरवून आले. आणि मग मागच्या अंगणात, कोणी नसताना, खराट्याचा दांडा खांद्याला लावून पळत्या कोंबड्यांमागं फिरवत राहिले. तुमचा हात मला आठवला. तुमचाही थांबत नसे. तुम्ही ते कधी सांगितलं नव्हतंत, कारण तुम्हालाच ते माहीत नव्हतं.

नवा महाराष्ट्र झाला त्या साली जवारी कणसात आली आणि नाईक धावत आले. "पाटील, डुकरायनं पूरा वावर लोळवला. एक त लई मोठा हाय." पहाटे आपण निघालो. मला वाटलं, तुमचा डावा खांदा अजून पळत्या जनावराला सरावलेला नाही, तर बंदूक माझ्याकडे येईल. मी हातही पुढं केला होता. तुम्ही ती भाऊजींना दिलीत. "आज तुम्ही चालवा, जवाईबापू. पोरी, तू त्यायच्याजवळ राह्य." आणि स्वतः काठी घेऊन नाईकांबरोबर बांधाच्या त्या टोकाला गेलात.

तांड्याच्या कुत्र्यांनी जवारीतून डुक्कर उठवलं. भाऊजींनी बार टाकला, तो त्याच्या मागच्या पायात बसला. ते गर्रकन वळलं आणि आमच्यासमोरून आडवं, सरळ तुमच्याकडे धावत सुटलं. एक नळी अजून भरलेली होती. भाऊजी मात्र उभे होते, ओठ हलत होते, हात हलत नव्हते. मी म्हटलं, "द्या," आणि त्यांनी दिली. मला तुमचं पांढरं धोतर दिसत होतं. मी नळी डुकराच्या मुसकाटापुढं नेली, नेत राहिले, चाप ओढला आणि हात थांबू दिला नाही. ते तुमच्या अलीकडं धुरळ्यात लोळत गेलं आणि पडलं.

कुत्री, आरडाओरड, तांड्यातली माणसं. तुम्ही चालत आलात. माझ्या हातातली बंदूक काढून भाऊजींच्या हाती दिलीत आणि मोठ्यानं म्हणालात, "जवाईबापूनं मारलं!" नाईकांनी माझ्याकडं पाहिलं, मग तुमच्याकडं. "हो पाटील," ते म्हणाले. भाऊजी काही बोलायला गेले, तर तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात. "तुम्हाले मायी शपथ हाय."

परत येताना कापसाच्या पऱ्हाटीतून चालताना मी विचारलं, "बाबा, काहून?"

"तुले पाह्याले लोक येऊन राह्यले उमरखेडवरून," तुम्ही पुढं पाहतच म्हणालात. "बंदुकीवाली पोरगी कोण करन?"

लोक आले, पोळ्या खाल्ल्या, मला पसंत केलं. संसार चांगला झाला. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण भाऊजींच्या सल्ल्याला मग दिग्रस, उमरखेडपर्यंत मान आला. माझ्या सासरचेही त्यांच्याकडं विचारायला जायचे आणि परत येऊन मलाच सांगायचे, "काय माणूस आहे!" मी त्यांना जेवण वाढत असायची. भात वाढताना मी ताटाकडंच पाहायची.

परवा तेरावं झाल्यावर माणसं पांगली. ताई आणि मी स्वयंपाकघरात दोघीच होतो. ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "यांनी बाबांची शपथ कधी पाळली नाही गं. दरवर्षी वर्गात पोरांना सांगायचे, ते डुक्कर माझ्या मेहुणीनं मारलं, मी नुसता उभा होतो. पोरं हसायची. त्यांना वाटायचं, गुरुजी विनयानं बोलतात."

मी भांडं खाली ठेवलं. आता तरी मन निवेल असं वाटलं होतं. निवलं नाही. उलट वाटलं, हेही त्यांनीच करावं? खरं सांगण्याचा मोठेपणाही त्यांच्याच वाट्याला जावा?

हे पत्र कुठं टाकणार? टाकायला जागा नाही. पण एक सांगते, बाबा. ताईनं ते सांगितलं तेव्हा मी रडले, तिला वाटलं भाऊजींसाठी. मी रडत होते ते, ती हकीकत वर्गातल्या हसऱ्या पोरांना कळली आणि तुमच्या तोंडून मात्र, घरात, दार लावूनसुद्धा, एकदाही निघाली नाही म्हणून.