हिरव्या गाडीवरचा खडूचा गोल

बाबा, उद्या दुपारी तुमची नात रेसच्या गाडीत बसणार आहे. प्रेक्षकांत नाही, स्टिअरिंगच्या मागे. सतरा वर्षांची झालीय, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि माझं एक अक्षर ऐकत नाही. तुमच्यावर गेलीय असं म्हणायची सोय आहे, तेवढंच बरं. गाडी शेजारच्यानेच बांधून दिलीय, आपल्या त्याच शेजाऱ्याने, टाकानिनीतल्या त्याच गॅरेजात, जिथे तुम्ही त्या सहा महिन्यांत आपल्या घरापेक्षा जास्त वेळ बसलात. आज मला काही म्हणता काही सुचत नाहीये. कुकरमध्ये पाणीच घातलं नव्हतं आणि मी शिट्टीची वाट बघत उभी, एवढं सांगितलं की तुम्हाला कळेल. म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्ही जाऊन सात वर्षं झाली. आणि जे तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं ते मी त्याआधीपासून पोटात घेऊन हिंडतेय.

आई गेल्यावर तुम्ही पुण्याहून इथे टाकानिनीला व्हिजिटर व्हिसावर आलात, तेव्हा पहिले दोन आठवडे तुम्ही खिडकीतून रस्ता बघत होतात आणि मी ऑफिसातून तुम्हाला दर दोन तासांनी फोन करत होते. सगळी घरं सारखी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. 'अगं, माणसं गेली कुठे सगळी?' हा तुमचा रोजचा प्रश्न. मग एका शनिवारी कुंपणापलीकडून वेल्डिंगचा आवाज आला आणि तुम्ही ताटावरून उठलात. खरंच उठलात, हातातला पोळीचा तुकडा तसाच. भोसरीच्या कारखान्यात वेल्डिंग शॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस, त्यातली अर्धी इन्स्पेक्टर म्हणून. तो आवाज तुम्हाला हाक मारल्यासारखा ऐकू आला असणार. मी जॅन्डल्स, इथल्या रबरी चपला, पायात सरकवून तुमच्या मागे धावले, तर तुम्ही त्याच्या गॅरेजात उभे, आणि तो गुडघ्यावर बसून हिरव्या रंगाच्या एका ठोकळ्यासारख्या गाडीखाली काहीतरी जोडतोय. 'किया ओरा, बॉस!' तो म्हणाला, म्हणजे इथला माओरी नमस्कार. बॉस हे नाव तुम्हाला चिकटलं ते चिकटलंच.

स्टॉक कार म्हणजे काय हे त्याने सांगितलं आणि मी तुम्हाला मराठीत सांगितलं, की या रेसमध्ये गाड्यांनी एकमेकींना मुद्दाम धडकायचं असतं, म्हणून सगळीकडून लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि आत ड्रायव्हर. तुम्ही कपाळाला हात लावलात. 'ही रेस नाही, हे भांडण आहे!' आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला पुन्हा तिथेच हजर. नात तेव्हा नऊ वर्षांची, तीही तुमच्या मागे. त्याच्या चहाच्या वेळी सगळे जुन्या टायरांवर बसायचे आणि त्याचा तो खेळ सुरू व्हायचा. या रेसच्या वेड्यांना दुसरं कामच नसतं, नुसतं जर-तर. शेवटची फेरी आहे, तू दुसरा आहेस, पुढे तुझा सख्खा भाऊ, त्याला भिंतीवर घालशील की दुसरा येशील? तुम्ही चहाचा घोट घेऊन म्हणायचात, 'भाऊ कसा आहे त्याच्यावर आहे.' तो मांडी थोपटून हसायचा. मग तुमची पाळी. तुम्ही विचारलंत, ज्याला आपली गाडी बांधता येत नाही, त्याला ती चालवू द्यावी का? त्यावर दोन दिवस वाद चालला होता. तुम्ही इथे आल्यापासून मी तुम्हाला एवढं मोठ्याने बोलताना पहिल्यांदा ऐकत होते.

मधे मी. तुमचं मराठी त्याला, त्याचं इंग्रजी तुम्हाला. आणि बाबा, मी तुमचं बोलणं जसंच्या तसं कधीच पोचवलं नाही. तुम्ही म्हणायचात, 'या गाढवाला ग्राइंडर धरता येत नाही.' मी म्हणायची, डॅड म्हणतात ग्राइंडर जरा जपून. तुम्ही म्हणायचात, 'काय फालतू प्रश्न विचारतो हा!' मी म्हणायची, इंटरेस्टिंग प्रश्न आहे. माझं पोट भरतं ते दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्यावर, पण इथल्या लोकांत चूकसुद्धा साखरेत घोळून सांगायची असते, आधी दोनदा वाहवा करायची, मग हळूच मुद्दा. ते मी एवढं अंगात भिनवून घेतलं होतं की तुमचा प्रत्येक शब्द मी आधी धुऊन घ्यायचे. शेजाऱ्याचं मत बिघडू नये, आम्हाला नंतर इथेच राहायचं होतं. तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. तुम्हाला वाटायचं, तुमची रोखठोक मतं ऐकून माणूस हसतोय म्हणजे दिलदार आहे.

मग तो शुक्रवार. रेस दुसऱ्या दिवशी दुपारी. आधीच्या रेसमध्ये वाकलेला एक पाइप कापून त्याने नवा घातला होता, ड्रायव्हरच्या डाव्या खांद्याजवळचा. तुम्ही वाकून बघितलंत, चष्मा वर केलात, नखाने कड चाचपलीत. खिशातून खडूचा तुकडा काढलात आणि त्या सांध्याभोवती गोल काढलात, एक शब्द न बोलता. तुमच्या शॉपमध्ये हीच पद्धत, मला लहानपणापासून माहीत होती. गोल म्हणजे नापास. कारागिराने तो सांधा घासून काढायचा, पुन्हा जोडायचा, घासण्यात गोलही जातो. गोल आहे तोवर माल बाहेर जात नाही. तो म्हणाला, हे काय, बॉस? तुम्ही माझ्याकडे वळलात. 'सांग त्याला, वेल्ड वर नुसता बसलाय, आत उतरलेला नाही. दिसायला देखणा, धक्का बसला की सुटेल. घासून पुन्हा कर म्हणावं, आत्ताच्या आत्ता.' त्याचे दोन मित्र आले होते, हातात बिअरचे कॅन. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. तुम्ही त्या धोतरासारख्या ढगळ पायजम्यात, वर माझ्या नवऱ्याचं जुनं जॅकेट, आणि बोट रोखलेलं. मी हसले आणि म्हणाले, डॅडना हा जॉइंट फार आवडला, त्यांच्या फॅक्टरीत चांगल्या कामाला अशी खूण करतात.

तो इतका खूश झाला म्हणून सांगू! तुमचा हात धरून गदागदा हलवला. 'चियर्स, बॉस! चियर्स!' तुम्हीही मान डोलावलीत, चूक मान्य करणारा कारागीर तुम्हाला नेहमीच आवडायचा. घरी येताना म्हणालात, 'भला माणूस आहे. अपमान वाटला नाही त्याला.' मी म्हणाले, हं. मला वाटलं, तुमचं आपलं जुन्या माणसाचं, एवढं काय होतंय.

शनिवारी तुम्ही रेसच्या आधी गाड्यांच्या अड्ड्यावर घेऊन चल म्हणून हट्ट धरलात. अजून दिसतं मला सगळं. ऊन कडक, पेट्रोलचा वास, भोंग्यावर गाड्यांचे नंबर पुकारले जाताहेत. हिरवी गाडी रांगेत तिसरी. तुम्ही पिंजऱ्याकडे बघता आणि माझा दंड पकडता, इतका घट्ट की दुखतं. खडूच्या गोलावर त्याने पांढऱ्या रंगाने नीट ब्रश फिरवलेला होता, शुभ म्हणून. 'गोल आहे अजून,' तुम्ही म्हणता. 'केलेलं नाहीये त्यानं. थांबव त्याला. अगं जा, थांबव!' तेव्हा पळत जाऊन सांगता आलं असतं. दहा पावलंसुद्धा नव्हती. पण मग काल मी खोटं बोलले हेही सांगावं लागलं असतं, त्या सगळ्यांसमोर. मी म्हणाले, केलंय त्याने, वरून नुसता रंग मारलाय. 'तू विचारलंस?' हो बाबा, विचारलं. तेवढ्यात त्याने आतून आपल्याला बघितलं, तुम्हाला अंगठा दाखवला आणि त्या गोलावर टकटक केली. तुम्ही माझा हात सोडलात.

चौथ्या फेरीत त्याला मागून ठोकर बसली आणि गाडी भिंतीवर चढून उलटली. अशा गाड्या उलटतात आणि माणसं हात हलवत बाहेर येतात, लोक टाळ्या वाजवतात. तो आला नाही. लाल दिवे लागले, सगळ्या गाड्या थांबल्या. नात माझ्या पोटात तोंड खुपसून उभी. पाइप सांध्यातून सुटून आत वळला होता आणि त्याचं डावं कोपर चिरडलं होतं. जीव वाचला. घरी तुम्ही ओट्याशी उभं राहून पाणी प्यायलात आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलंत, 'तू सांगितलं होतंस ना त्याला, मी म्हणालो तसं?' हो बाबा. 'मग अंगठा काय दाखवला मला? थापाड्या माणूस.'

त्यानंतर तुम्ही कुंपणापलीकडे पाऊल टाकलं नाहीत. तो हॉस्पिटलातून आल्यावर हात गळ्यात अडकवून दाराशी आला होता, पिशवीभर फिजोआची फळं घेऊन, खास तुमच्यासाठी. तुम्ही आतून म्हणालात, 'सांग, झोपलेत.' ते मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. नंतर तुम्ही पुण्याला परत गेलात, आणि फोनवर दर वेळी, शेवटच्या आजारातसुद्धा, विचारायचात, 'त्याचा हात सरळ होतो का गं?' मी म्हणायची, होतो. नाही होत, बाबा. अजून होत नाही. खोटं बोलायची एकदा सवय लागली की ते किती सोपं होतं, हे माझ्याकडून शिकावं.

गेल्या रविवारी त्याने सगळ्यांना गाडी दाखवायला बोलावलं. नवी गाडी, तुमच्या नातीसाठी, आणि कौतुकाने म्हणाला, पिंजऱ्यावर बॉसचा गोल काढणार आहे, आजोबांचा आशीर्वाद. चहा झाला आणि त्याला पुन्हा जुना खेळ सुचला. म्हणाला, मी इतकी वर्षं एक प्रश्न मनात घोळवतोय. जर बॉसला त्या दिवशी सांध्यात खोट दिसली असती, तर त्यांनी मला सांगितलं असतं का? मग झाली की सुरुवात! त्याचा एक मित्र म्हणे, नक्कीच, एवढा मुरलेला माणूस. दुसरा म्हणे, येह, नाह, पाहुणा माणूस, कसा बोलेल. शेवटी तोच म्हणाला, मला वाटतं त्यांना दिसलं होतं, पण भिडेखातर गप्प बसले. म्हणूनच नंतर मला तोंड दाखवेनात. बिचारे. आणि सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. तुम्ही, बाबा, भिडेखातर गप्प! ज्यांनी कारखान्याच्या मालकाच्या भाच्याचं काम नापास केलं होतं! नात माझ्याकडे टक लावून बघत होती.

घरी येताना अंगणातच तिने मला गाठलं. 'मम, ही टोल्ड यू. आय वॉज देअर.' मराठीत एक वाक्य धड बोलत नाही पोरगी, पण कळतं सगळं, हे मीच लोकांना अभिमानाने सांगत असते ना? त्या शुक्रवारी ती टायरावर बसून दोन्ही बाजू ऐकत होती. नऊ वर्षांची होती, तिला वाटलं मोठ्या माणसांचं काहीतरी असेल. मग आठ वर्षं तिनेही तोंडाला कुलूप लावलं. मी विचारलं, मग आता काय? ती इंग्रजीतच म्हणाली, तू सांगितल्याशिवाय मी त्या गाडीत बसणार नाही. आजोबा भित्रे होते असं त्याला वाटलेलं मला चालणार नाही. सहा दिवस झाले, माझ्याशी धड बोललेली नाही.

आज सकाळी गेले. तो एकटाच होता, पांढऱ्या रंगाचा डबा उघडून बसलेला, ब्रश गाडीला लागायचा बाकी. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, गोल म्हणजे काय, तुम्ही काय म्हणाला होतात, मी काय म्हणाले, दुसऱ्या दिवशी तुम्ही माझा दंड धरून काय सांगत होतात. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि उजव्या हाताने ते वाकडं कोपर धरून बसला. मला वाटलं आता हाकलून देईल. द्यायला हवं होतं. त्याने विचारलं ते असं, की म्हणजे मी त्यांचं ऐकलं नाही असं समजून ते गेले? मी म्हणाले, हो. 'ओह, बॉस,' तो म्हणाला, आणि रडला, बाबा. एवढा धिप्पाड माणूस. मग नाक पुसून उठला, फोन केला, उद्या सकाळी पिंजऱ्याचा एकेक सांधा बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घेणार आहे, तोवर पोरीला चावी मिळणार नाही.

निघताना त्याने एवढंच विचारलं, का गं? का नाही सांगितलंस? रागाने नाही, खरंच कळत नव्हतं त्याला. मी म्हणाले, वेल्डिंगमधलं होतं, नेमका इंग्रजी शब्द सुचला नाही, घाबरले. तो म्हणाला, फेअर इनफ, तरुण होतीस, दोन भाषांच्या मधे अडकलीस. त्याने मला माफ केलं. नातीला त्याने स्वतःच येऊन सांगितलं, आणि ती सहा दिवसांत पहिल्यांदा माझ्या गळ्यात पडली. मी दोघांनाही त्याच समजुतीत राहू दिलंय.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून लिहिते. शब्द सुचला होता, बाबा. मला तुमची लाज वाटत होती.